विंडोज १० चा लॅपटॉप मोडीत काढण्याआधी: लिनक्स मिंट डाउनलोड करण्यापासून बसवण्यापर्यंत

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित पाठिंबा बंद केला. ज्यांनी वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नोंदणी केली त्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदत मिळाली, बाकीच्यांचे संगणक पाठिंबा बंद झाल्यापासूनच नव्या सुरक्षा दुरुस्त्यांविना चालू आहेत. विंडोज ११ घ्यावं म्हटलं तर त्याच्या अटी आड येतात: टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप, सिक्युअर बूट (चालू होताना फक्त विश्वासार्ह प्रणाली सुरू होऊ देणारी सोय) आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर. २०१७ साली चांगले पैसे मोजून घेतलेला सातव्या पिढीचा आय-५ लॅपटॉप या अटीत बसत नाही. त्याचा कीबोर्ड शाबूत आहे, पडदा स्वच्छ आहे, मुलांचा अभ्यास आणि घरचे हिशेब त्यावर आरामात होतात. असं यंत्र भंगारात देऊ नका. त्यावर लिनक्स मिंट ही विंडोजच्या जागी चालणारी प्रणाली बसवा, ते आणखी कित्येक वर्षं चालेल.

मिंट सुचवण्यामागे साधं कारण आहे. विंडोजवर हात बसलेल्या माणसाला त्यात परकं वाटत नाही. खाली डाव्या कोपऱ्यात मेनू, उजवीकडे घड्याळ आणि वाय-फाय, फाइलींच्या खिडक्याही ओळखीच्या. ब्राउझर आणि लिब्रेऑफिस आधीपासून असतात. सगळं मोफत आहे. सध्याची २२ मालिका जुलै २०२४ मध्ये आली, ती उबुंटू या दुसऱ्या लिनक्स प्रणालीच्या २४.०४ आवृत्तीवर उभी आहे आणि तिला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत.

प्रत्यक्ष बसवण्याचं काम अर्ध्या तासाच्या आत उरकतं. वेळ द्यायचा तो त्याआधीच्या तयारीला, कारण लोकांचे फोटो आणि हिशेब जातात ते तयारीत घाई केल्यामुळे. म्हणून या लेखाचा मोठा भाग ‘इन्स्टॉल’ बटण दाबण्याआधीच्या गोष्टींवर आहे.

आधी ठरवा: विंडोज ठेवायचं की काढायचं

तुमचं काम बहुतेक ब्राउझरमध्ये होत असेल, म्हणजे ईमेल, बँक, यूट्यूब, ऑनलाइन अर्ज, तर विंडोज पूर्ण काढायला हरकत नाही. टॅलीवर हिशेब ठेवत असाल, डिजिटल सहीचं टोकन वापरत असाल किंवा श्रीलिपीत डीटीपी करत असाल, तर विंडोज शेजारी राहू द्या. चालू करताना दोन्हींपैकी एक निवडता येतं, यालाच ड्युअल बूट म्हणतात. मात्र अशा वेळी ते जुनं विंडोज इंटरनेटवर फिरायला वापरू नका. तेवढ्या एका कामापुरतं उघडा आणि बंद करा.

प्रिंटरचाही आत्ताच विचार करा. एचपीचे बरेचसे प्रिंटर मिंट स्वतःहून ओळखतं. आपल्याकडे झेरॉक्सच्या दुकानांत आणि छोट्या ऑफिसांत सर्रास दिसणारा कॅनन एलबीपी २९०० मात्र लिनक्सवर त्रास देतो. त्याला कॅननचा वेगळा सीएपीटी ड्रायव्हर लागतो आणि तो बसवणं जिकिरीचं आहे. हा प्रिंटर रोज लागत असेल तर ड्युअल बूटच बरं.

यंत्राची ताकदही बघून घ्या. मिंटला किमान २ जीबी रॅम लागते, पण सुखाने काम करायचं तर ४ जीबी हवी. ८ जीबी असेल तर सिनॅमन आवृत्ती घ्या, ती सर्वांत देखणी आणि सोयीची आहे. ४ जीबी असेल तर एक्सएफसीई घ्या, ती हलकी आहे. मेट या दोन्हींच्या मधली. लॅपटॉपमध्ये अजून जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर या निमित्ताने एसएसडी टाकून घ्या. जुन्या यंत्रात एवढा फरक दुसऱ्या कुठल्याच खर्चाने पडत नाही. शिवाय जुनी डिस्क तशीच काढून कपाटात ठेवली की तोच तुमचा बॅकअप.

बॅकअप, आणि ‘डी ड्राइव्ह’ची गैरसमजूत

आपल्याकडे वर्षानुवर्षं एक पद्धत चालत आली आहे. दुकानदार नवा संगणक देताना सी, डी, ई असे भाग पाडून देतो आणि सांगतो, ‘महत्त्वाचं सगळं डीमध्ये ठेवा, फॉरमॅट मारला तरी जाणार नाही.’ विंडोज पुन्हा टाकताना तो फक्त सी पुसतो, म्हणून ते खरंही ठरतं. मिंटच्या इन्स्टॉलरमध्ये ‘इरेज डिस्क’ हा पर्याय निवडला तर तो पूर्ण डिस्क पुसतो. सी, डी, ई हे त्याच एका डिस्कचे तुकडे आहेत, त्यामुळे तिन्ही जातात. डीमध्ये ठेवलेलं काहीही बॅकअप नाही, हे पक्कं लक्षात ठेवा.

बॅकअप म्हणजे दुसऱ्या वस्तूवरची प्रत: बाहेरची हार्ड डिस्क, मोठा पेन ड्राइव्ह किंवा क्लाउड. फोटो आणि दस्तऐवज यांच्या दोन प्रती करा. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स आणि पिक्चर्स ही फोल्डरं सगळ्यांना आठवतात. विसरली जातात ती ही: ब्राउझरमधले बुकमार्क आणि साठवलेले पासवर्ड, टॅलीचं डेटा फोल्डर, आउटलुकची मेल फाइल आणि जुने मराठी फॉन्ट. श्रीलिपी किंवा शिवाजी फॉन्टमध्ये टाइप केलेली जुनी पत्रं, पत्रिका, संस्थेची इतिवृत्तं असतील तर ते फॉन्ट नसले की कागदावर नुसती चिन्हं दिसतात. फॉन्टच्या फाइली जपल्या तर मिंटवरही तो मजकूर वाचता येतो.

प्रत झाली की ती दुसऱ्या संगणकावर लावून चार-पाच फाइली प्रत्यक्ष उघडून बघा. उघडून न पाहिलेल्या बॅकअपवर विसंबू नका.

विंडोजच्या परवान्याची काळजी नको. बहुतेक लॅपटॉपवर तो यंत्राशीच जोडलेला असतो. पुढे कधी विंडोज १० परत टाकलं तर ते इंटरनेटला जोडताच आपोआप सक्रिय होतं.

बिटलॉकर आणि फास्ट स्टार्टअप

अनेक लॅपटॉपवर मालकाला पत्ताही नसताना डिस्क कुलूपबंद झालेली असते. विंडोजच्या सेटिंगमध्ये ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ किंवा कंट्रोल पॅनलमध्ये ‘बिटलॉकर’ शोधा. चालू असेल तर आधी त्याची ४८ अंकी रिकव्हरी की तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यातून काढून कागदावर लिहून घ्या आणि मगच ते बंद करा. बंद होताना पूर्ण डिस्क उलगडली जाते. त्याला वेळ लागतो, लागू द्या. हे न करता बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉप चालू होताना सर्वांत आधी जागा होणाऱ्या मूळ प्रोग्रॅममध्ये, फेरफार केले तर विंडोज ती ४८ अंकी किल्ली मागत बसेल, आणि ती नसेल तर आतला सगळा मजकूर कायमचा गेला.

ड्युअल बूट करणार असाल तर कंट्रोल पॅनलमधल्या ‘पॉवर ऑप्शन्स’मध्ये जाऊन ‘फास्ट स्टार्टअप’ची खूण काढा. ती असली की शटडाउन केल्यावरही विंडोज अर्धवट झोपलेलंच राहतं. मग मिंटमधून विंडोजच्या फाइली फक्त वाचता येतात, त्यांत काही लिहिता येत नाही.

मिंटसाठी जागाही विंडोजमध्येच मोकळी करा. स्टार्ट बटणावर राइट क्लिक, ‘डिस्क मॅनेजमेंट’, ज्या भागात जागा आहे त्यावर राइट क्लिक आणि ‘श्रिंक व्हॉल्यूम’. मिंट २० जीबीत बसतं, पण १०० जीबी दिली तर पुढे चणचण भासत नाही. मोकळी झालेली जागा काळ्या पट्टीत दिसेल. ती तशीच सोडा, तिला नवं अक्षर देऊ नका.

डाउनलोड, आणि फाइल खरी आहे का ते पाहणं

मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच आयएसओ फाइल घ्या, म्हणजे अख्खं मिंट ज्या एका फाइलीत असतं ती. ती ३ जीबीच्या आसपास असते. मोबाइलच्या रोज दीड-दोन जीबीच्या पॅकवर असाल तर टॉरेंटने, म्हणजे फाइल तुकड्यातुकड्यांनी घेणाऱ्या पद्धतीने उतरवा. आजचा डेटा संपला तरी उद्या जिथे थांबलं तिथून पुढे सुरू होतं. ब्राउझरचं डाउनलोड मध्येच तुटलं तर बऱ्याचदा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

आता ती पायरी, जी बहुतेक लोक गाळतात. २० फेब्रुवारी २०१६ रोजी हल्लेखोर मिंटच्या संकेतस्थळात घुसले आणि त्यांनी १७.३ सिनॅमनच्या डाउनलोडचा दुवा बदलून त्याजागी चोरवाट ठेवलेली आयएसओ लावली. प्रकल्पाचे प्रमुख क्लेमेंट लफेव्ह्र यांनी लगेच जाहीर निवेदन काढून लोकांना फाइल तपासायला सांगितलं. त्या दिवशी टॉरेंटने घेतलेल्यांना धोका नव्हता. फाइलचा ठसा, म्हणजे तिच्यातल्या मजकुरावरून काढलेला लांब आकडा, निवेदनातल्या खऱ्या ठशाशी जुळवला की खोटी फाइल ओळखू येत होती. अर्धवट उतरलेली किंवा बिघडलेली फाइलही याच तपासणीत सापडते, आणि इन्स्टॉल मध्येच अडकण्यामागे अशी फाइल पुष्कळदा असते.

तपासणी अशी करा. डाउनलोडच्या पानावर आयएसओबरोबर एसएचए२५६ या प्रकारच्या ठशाची छोटी मजकूर फाइल असते, ती उघडून ठेवा. मग विंडोजवर रुफस हा छोटा प्रोग्रॅम त्याच्या अधिकृत पानावरून घ्या. पेन ड्राइव्ह बनवायला तोच लागणार आहे. रुफसमध्ये आयएसओ निवडली की ‘सिलेक्ट’ बटणाजवळ बरोबरची खूण असलेलं छोटं बटण असतं. ते दाबलं की थोड्या वेळाने तीन-चार लांबलचक आकडे येतात. त्यांतला एसएचए२५६ चा आकडा मजकूर फाइलमधल्या तुमच्या आवृत्तीसमोरच्या आकड्याशी जुळवा. सुरुवातीची आणि शेवटची आठ-दहा अक्षरं बघून थांबू नका, पूर्ण ओळ शोधा-बदलाच्या खिडकीत टाकून शोधा. एक अक्षर जरी वेगळं असलं तरी ती फाइल फेकून द्या आणि नव्याने उतरवा.

पेन ड्राइव्ह तयार करणं

८ जीबीचा पेन ड्राइव्ह पुरतो. त्यावरचं सगळं पुसलं जाईल, म्हणून बॅकअपचाच पेन ड्राइव्ह यासाठी घेऊ नका. रुफसमध्ये वर ‘डिव्हाइस’समोर तुमच्याच पेन ड्राइव्हचं नाव आणि आकार दिसतोय ना, ते पाहा. पार्टिशन स्कीम ‘एमबीआर’ राहू द्या, म्हणजे पेन ड्राइव्ह जुन्या बायोसवर आणि नव्या यूईएफआयवर दोन्हीकडे चालतो. ‘स्टार्ट’ दाबल्यावर आयएसओ मोड की डीडी मोड असं विचारलं जातं. आयएसओ मोड घ्या. त्याने लॅपटॉप सुरूच झाला नाही तर पुन्हा डीडी मोडने करून बघा.

पेन ड्राइव्हवरून सुरू करणं

लॅपटॉप बंद करा, पेन ड्राइव्ह लावा, चालू करा आणि लगेच बूट मेनूची कळ टपटप दाबत राहा. डेल, लेनोवो आणि एसरवर बहुधा एफ१२, एचपीवर एफ९ आणि असूसच्या लॅपटॉपवर एस्केप. एसरवर एफ१२ कित्येकदा बंद असतं, ते आधी एफ२ ने बायोसमध्ये जाऊन चालू करावं लागतं. कळ सापडतच नसेल तर विंडोजमधून जा: शिफ्ट दाबून धरा, ‘रीस्टार्ट’ करा आणि येणाऱ्या निळ्या पडद्यावर ‘यूज अ डिव्हाइस’ निवडा.

यादीत पेन ड्राइव्ह दोनदा दिसला, एकदा ‘यूईएफआय’सह आणि एकदा त्याशिवाय, तर तुमचं विंडोज ज्या पद्धतीने बसलंय तीच निवडा. विंडोजच्या ‘सिस्टिम इन्फर्मेशन’मध्ये ‘बायोस मोड’समोर ते लिहिलेलं असतं. ड्युअल बूटमध्ये एक यूईएफआय आणि दुसरं लेगसी (जुन्या बायोसचं) अशी सरमिसळ केली की चालू करताना निवडीचा मेनू येत नाही.

आधी वापरून बघा

मिंटची मला सर्वांत आवडणारी गोष्ट ही आहे. पेन ड्राइव्हवरून पूर्ण डेस्कटॉप सुरू होतो आणि तुमच्या डिस्कला हातही लागत नाही. याला लाइव्ह सत्र म्हणतात. डेस्कटॉपवर ‘इन्स्टॉल लिनक्स मिंट’ची आकृती दिसेल. तिला इतक्यात हात लावू नका, एक अख्खी संध्याकाळ नुसतं वापरून बघा.

वाय-फाय जोडा. यूट्यूबवर काही लावून आवाज ऐका. उजेड कमी-जास्त करण्याच्या कळा, टचपॅड, कॅमेरा आणि ब्लूटूथ चालवून बघा. झाकण लावा, पाच मिनिटांनी उघडा आणि यंत्र जागं होतं का पाहा. प्रिंटर जोडून एक पान छापा. वाय-फाय दिसतच नसेल तर मोबाइल केबलने लावून यूएसबी टेदरिंग सुरू करा. त्या इंटरनेटवर ‘ड्रायव्हर मॅनेजर’ उघडला की ब्रॉडकॉमसारख्या कार्डांसाठी लागणारा ड्रायव्हर तो सुचवतो.

मराठी टायपिंगही इथेच तपासा. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये ‘लेआउट्स’, तिथे अधिकची खूण आणि यादीतून मराठी. इनस्क्रिप्ट येत असेल तर एन्हान्स्ड इनस्क्रिप्ट घ्या, रोमन अक्षरांच्या अंदाजाने टाइप करत असाल तर कागप फोनेटिक. टायपिंगच्या परीक्षेसाठी रेमिंग्टनवर हात बसलेल्यांनी ही मांडणी आपल्याला हवी तशी मिळते का, ते इथेच पाहून मग निर्णय घ्यावा. ज्यांचा रोजगार टायपिंगवर आहे त्यांच्यासाठी वाय-फायइतकीच ही चाचणी महत्त्वाची आहे.

शेवटी मेनूतून ‘डिस्क्स’ उघडा. डावीकडे तुमची डिस्क तिच्या कंपनीच्या नावासह आणि आकारासह दिसली पाहिजे. फक्त पेन ड्राइव्हच दिसत असेल तर लॅपटॉपची डिस्क इंटेलच्या आरएसटी या डिस्क चालवण्याच्या पद्धतीत अडकलेली असू शकते. बायोसमध्ये ती एएचसीआय या साध्या पद्धतीवर आणावी लागते. विंडोज ठेवायचं असेल तर मात्र हा बदल थेट करू नका, विंडोज सुरू होणार नाही. आधी विंडोज सेफ मोडमध्ये सुरू होईल असं ठरवून घ्या, मग बायोसमध्ये बदल करा, एकदा सेफ मोडमध्ये जाऊन या आणि नंतर सेफ मोड काढा.

आता इन्स्टॉल

बॅकअपची हार्ड डिस्क काढून ठेवा, म्हणजे चुकूनही तीच पुसली जायची भीती नाही. बॅटरी पूर्ण भरलेली असू द्या आणि चार्जर लावूनच बसा. डिस्कचे भाग पाडले जात असताना वीज जाऊन लॅपटॉप बंद पडणं परवडत नाही. बॅटरी जुनी होऊन टिकत नसेल तर इन्व्हर्टरवर किंवा यूपीएसवर लावा.

भाषा निवडा. काही अडलं आणि शोधायची वेळ आली तर उत्तरं इंग्रजी मेनूंच्या नावाने पटकन सापडतात, म्हणून इन्स्टॉल इंग्रजीत करून नंतर ‘लँग्वेजेस’मधून मराठी जोडणं सोपं जातं. कीबोर्डला आपल्याकडच्या लॅपटॉपसाठी ‘इंग्लिश यूएस’ चालतं. ‘इंग्लिश इंडिया, विथ रुपी’ घेतलं तर उजवा ऑल्ट आणि ४ दाबून ₹ उमटतो. ‘मल्टिमीडिया कोडेक्स’वर खूण करा, त्याशिवाय काही व्हिडिओ चालणार नाहीत. सिक्युअर बूट चालू असेल तर इथे एक पासवर्ड ठरवायला सांगतात. तो लिहून ठेवा, थोड्याच वेळात लागणार आहे.

मग येतो इन्स्टॉलेशन टाइपचा पडदा. साऱ्या प्रक्रियेत हाच एक पडदा असा आहे जिथे शांतपणे दोनदा वाचावं. ‘इन्स्टॉल अलाँगसाइड’ म्हणजे विंडोजशेजारी. ‘इरेज डिस्क’ म्हणजे सगळं पुसून. ‘समथिंग एल्स’ म्हणजे भाग तुम्ही स्वतः पाडायचे. विंडोज ठेवायचं असेल आणि जागा आधीच मोकळी केली असेल तर पहिला पर्याय पुरतो. लॅपटॉपमध्ये एसएसडी आणि हार्ड डिस्क अशा दोन डिस्क असतील तर ‘समथिंग एल्स’ घ्या आणि मिंट एसएसडीवरच जातंय हे आकारावरून ओळखा. मोकळ्या जागेवर क्लिक करून ईएक्सटी४ या लिनक्सच्या प्रकारचा एक भाग करा आणि माउंट पॉइंटला नुसती तिरकी रेघ / निवडा. विंडोजचा ईएफआय भाग (चालू होण्यासाठी लागणाऱ्या फाइलींचा छोटा भाग) आहे तसा राहू द्या, त्याच्या फॉरमॅटच्या खुणेला हात लावू नका. स्वॅपसाठी (रॅम अपुरी पडली तर वापरायच्या डिस्कवरच्या जागेसाठी) वेगळा भाग नको, मिंट स्वतः स्वॅप फाइल करतं.

‘इन्स्टॉल नाउ’ दाबल्यावर कोणते भाग बदलले जाणार त्याची यादी समोर येते. तुम्ही ठरवलेलंच त्यात आहे ना, हे वाचून मगच ‘कंटिन्यू’. इथपर्यंत डिस्कवर काहीही लिहिलेलं नसतं, परत फिरता येतं. यापुढे येत नाही.

नकाशावर कोलकाता वेळ निवडा, नाव आणि पासवर्ड द्या. लॅपटॉप बाहेर नेत असाल तर पासवर्डशिवाय लॉगिन ठेवू नका. बाकीचं यंत्र करतं.

रीस्टार्ट झाल्यावर सांगितलं की पेन ड्राइव्ह काढा. सिक्युअर बूटवाल्यांना निळा पडदा दिसेल. तो काही सेकंदच थांबतो, त्या वेळात कुठलीही कळ दाबा, ‘एनरोल एमओके’ निवडा आणि मघाचा पासवर्ड द्या. निसटला तर यंत्राला काही होत नाही, पण वाय-फाय किंवा ग्राफिक्सचा बाहेरचा ड्रायव्हर चालू होणार नाही.

पहिल्या दिवशी

स्वागताच्या खिडकीतली तीन कामं लगेच उरका. टाइमशिफ्ट लावा. तो प्रणालीची छायाप्रत ठेवतो आणि एखाद्या अपडेटने बिघाड झाला तर कालच्या स्थितीत नेतो. तुमचे फोटो आणि फाइली मात्र त्यात धरलेल्या नसतात, त्यांचा बॅकअप वेगळाच घ्यायचा. मग ‘अपडेट मॅनेजर’ चालवा, आणि त्यातून जवळचा, वेगवान मिरर (अपडेट जिथून उतरतात तो सर्व्हर) निवडा. नंतर ‘ड्रायव्हर मॅनेजर’ बघा, विशेषतः एनव्हिडियाचं कार्ड असेल तर. जपून ठेवलेल्या मराठी फॉन्टच्या फाइलवर डबल क्लिक करून ‘इन्स्टॉल’ केलं की जुनी कागदपत्रं लिब्रेऑफिसमध्ये दिसू लागतात.

ड्युअल बूट असेल तर मिंट वापरून विंडोजमध्ये गेल्यावर घड्याळ साडेपाच तास मागे दिसेल. यंत्र बिघडलेलं नाही. मिंट आतल्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं आणि विंडोज तीच स्थानिक समजतं. विंडोजच्या वेळेच्या सेटिंगमध्ये ‘सिंक नाउ’ दाबलं की तेवढ्यापुरतं जुळतं. कायमचं जुळवायचं तर मिंटला स्थानिक वेळ ठेवायला सांगावं लागतं, ते टाइमडेटसीटीएल या आज्ञेने होतं.

विंडोजच्या एखाद्या मोठ्या अपडेटनंतर निवडीचा मेनू गायब होऊन थेट विंडोजच उघडू लागलं, तर आधी बायोसमध्ये बूटचा क्रम बघा. बहुतेक वेळा ‘उबुंटू’ किंवा ‘लिनक्स मिंट’ खाली ढकललेलं असतं, ते वर आणलं की झालं. तिथेही दिसत नसेल तर तोच पेन ड्राइव्ह लावून लाइव्ह सत्र सुरू करा आणि मेनूतलं ‘बूट रिपेअर’ चालवा. म्हणून तो पेन ड्राइव्ह निदान पहिले काही महिने पुसू नका.